गळलेलं ‘म्हणे’

आमच्या घरात गोष्ट सांगायची एक रीत होती. ती रीत आहे हे मला एम. ए.च्या वर्गात बसेपर्यंत कळलं नव्हतं. आपण स्वतः पाहिलेलं असेल तर सरळ सांगायचं आणि कानावर आलेलं असेल तर शेवटी ‘म्हणे’ लावायचं. मागच्या गल्लीत चोर शिरला म्हणे. पंडरीच्या बाजारात साड्यांचा नवा माल आला म्हणे. दूध फाटलं हे मात्र बिनम्हणेचं, कारण ते आमच्याच पातेल्यात फाटलेलं असे. आई ‘म्हणे’ मिठासारखं वापरायची, हाताच्या अंदाजानं. बाबांचं ‘म्हणे’ जरा जड असे, त्यात समोरच्यावर एक ठपका असायचा. आत्या तेवढी ‘म्हणे’ फारसं वापरत नसे, कारण ती कुणाचं काही सांगतच नसे. कुसुमआत्या बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न भर मांडवात मोडलं होतं, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं अनेक वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. दिवसभर शहराचं बोलणं तिच्या कानातून जायचं, आणि घरी आल्यावर तिच्या तोंडून त्यातला एक शब्द निघायचा नाही.

रायपूर नव्या छत्तीसगढची राजधानी झाली त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. राजधानी झाली म्हणजे काय झालं, तर रस्त्यांवर लाल दिव्यांच्या गाड्या वाढल्या, शाळा-इस्पितळांच्या इमारतींवर मंत्रालयांच्या पाट्या लागल्या, आणि भोपाळहून आलेले साहेब लोक गल्लोगल्ली भाड्याचं घर शोधत फिरू लागले. तेलीबांध्याच्या तळ्याकडे, जिथे आम्ही सायकलनं हवा खायला जायचो, तिथे मोजणीचे दोर टाकलेले दिसू लागले. बाबा पाटबंधारे खात्यात होते. कोण नव्या राज्यात राहणार आणि कोण जुन्या राज्यात जाणार याच्या याद्या निघणार होत्या, आणि बाबांच्या नावापुढे भोपाळ येईल अशी खात्यात बोलवा होती. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला माणूस, आयुष्य रायपुरात गेलेलं, त्याला हे भोपाळ फार जाचत होतं. जायच्या आधी सगळं आवरून ठेवायचं, असा त्यांनी धडाका लावला. गच्चीची गळती काढली, गॅसची नळी बदलली, आणि माझं लग्न काढलं.

मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आम्हाला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. तिचं नाव मी देत नाही. नाव दिलं की लोक पुस्तकाबद्दल बोलू लागतात आणि माझं सांगायचं राहून जातं. कोरड्या माळावर एक शेत, मधोमध पवनचक्की, एक तापट मालक, त्याची मुलगी आणि एक गडी, एवढीच माणसं. सगळी गोष्ट हा गडी म्हातारपणी सांगतो. शेवटी वादळात पवनचक्की कोसळते आणि मालक तिच्याखाली सापडून मरतो. गडी म्हणतो, मी त्या दिवशी गावात खिळे आणायला गेलो होतो, सांगतोय ते लोकांकडून ऐकलेलं. आमचे तिवारी सर हे पुस्तक हिंदीतून शिकवायचे, मधे मधे इंग्रजी पेरत. दर तासाला त्यांचा प्रश्न एकच, “बताइए, पवनचक्की किस चीज़ का प्रतीक है?” कुंजीत, म्हणजे गाइडात, त्याची उत्तरं ओळीनं दिलेली होती : नियती, अहंकार, काळ, एकटेपणा. मी सगळी पाठ केली. पटलं त्यातलं एकही नाही. ज्या घरात रोज रात्री जेवताना कालवे आणि पंप निघत, त्या घरात पाणी उपसणाऱ्या यंत्राला कुणी एकटेपणा म्हटलं असतं तर बाबांनी त्याला साइटवर पाठवलं असतं.

एके दिवशी सर बहुधा कुंजी घरी विसरले. त्यांनी मालकाच्या मरणाचं पान वाचलं आणि पुस्तक मिटून विचारलं, “इसे कैसे पता?” त्या पानावर सगळीकडे लोक म्हणतात, शेजारी सांगतात, असं होतं. मधेच एक वाक्य मात्र सरळ होतं. मेलेल्या मालकाच्या डाव्या पायात बूट नव्हता आणि मोज्याला दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, “सर, इसमें ‘म्हणे’ नहीं है।” सगळे हसले. सरांनी विचारलं, म्हणे क्या? मी समजावलं. माझ्या शेजारी बसणारी सरिता, शुद्ध छत्तीसगढी घरातली, म्हणाली, “हमर डहर घलो सर, ‘कहिथें’ लगाथन।” म्हणजे त्यांच्याकडेही ऐकीव गोष्टीला शेपूट असतंच. सर एवढे खूश झाले की त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘म्हणे’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली. म्हणाले, “जहाँ म्हणे गिर जाए, समझो आदमी वहाँ मौजूद था।” गडी गावात गेलाच नव्हता. तो पवनचक्कीपाशी होता. त्या एका वाक्यानं सगळं पुस्तक उलटं फिरलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या विषयाचा काही उपयोग आहे.

त्यानंतर काही दिवस मी घरात छळ मांडला. आई काही सांगू लागली की मी मधेच विचारायची, हे पाहिलंस की म्हणे? एकदा ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आता म्हणेवर टॅक्स लावून राहिली का व तू?” आत्या भाजी निवडत होती, तिला हसू आलं. “राजधानी झाली न वहिनी. नवे नवे टॅक्स येतीन.”

स्थळ नागपूरचं होतं. मुलगा बँकेत, दिसायला बरा, बोलायलाही बरा. त्याच्यात काही खोट होती असं मी आजही म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं लग्न वैशाखात व्हावं, आणि सुनेनं पुढे शिकायला बाहेर पडायचं नाही. म्हणजे पहिल्या वर्षाची परीक्षा मधेच सोडायची आणि दुसरं वर्ष विसरायचं. मला शिक्षणाचं काही फार मोठं स्वप्न होतं असंही नाही. पण हातात घेतलेलं काम अर्धं टाकायची मला चीड आहे, स्वेटर असो की एम. ए. सोमवारी सकाळी नागपूरला फोन करून होकार कळवायचा, असं बाबांनी ठरवून टाकलं. मी नाही म्हटलं की ते एकच उदाहरण देत, आणि ते उदाहरण आमच्याच घरात स्वेटर विणत बसलेलं असे.

आत्याच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. आर्वीजवळच्या आमच्या गावी मांडव पडला होता, वऱ्हाड येऊन उतरलं होतं, आणि भर दुपारी ते सामान बांधून निघून गेलं. नवरदेवाला दुसरं चांगलं स्थळ मिळालं म्हणे. बाबा त्या वेळी बर्फ आणायला आर्वीला गेले होते, परतले तर मांडव रिकामा. आई नुकती लग्न होऊन त्या घरात आलेली, ती चुलीपाशी पुऱ्या तळत होती. म्हणजे घरातल्या कुणीच काही पाहिलेलं नव्हतं, सगळं म्हणेवर चाललेलं. मागे उरली होती ती आत्याची पिवळी साडी, अष्टपुत्री, आमच्याकडे नवरी जी नेसून उभी राहते ती. आत्या ती दर हिवाळ्यात पेटीतून काढून गच्चीवर ऊन द्यायची. शेजारच्या बायका ती पिवळी साडी तारेवर पाहून आवाज खाली करत. कुंजी लिहिणाऱ्याला ती दिसली असती तर त्यानं अख्खं पान भरलं असतं.

त्या रविवारी दुपारी आई आणि मी गच्चीवर सांडग्यांसारख्या बड्या घालत होतो. रखियाचा, म्हणजे कोहळ्याचा कीस आणि वाटलेली उडदाची डाळ. हे छत्तीसगढचं काम, पण आईनं ते शेजारणीकडून शिकून आता त्यांनाच चुका काढण्याइतकं पक्कं केलं होतं. उरल्याकडून वारा आला की तिथल्या कारखान्यांची काळी कणी गच्चीवर बसायची, म्हणून एक जुनी मच्छरदाणी हाताशी ठेवलेली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आत्या तारेवरची साडी उलटी करत होती. आईनं बोट पाण्यात बुडवून बडी टाकता टाकता समजुतीचा सूर लावला.

“पाह्य अर्चू, पोरगा वाईट नाही. एकदा हातचं गेलं की मंग येत नाही. आत्याचं नाही ऐकलं का तू? वऱ्हाड सकाळीच आलं म्हणे. जानोसा शाळेत दिला होता. पोहे थंडे हाये म्हणून वरमाईनं तोंड वाकडं केलं म्हणे. दुपारी एकाएकी सामान बांधाले लागले म्हणे. अन् नवरदेव तिकडं मागच्या वर्गात एकटाच बसून होता. लहान पोट्ट्यांचा बाक, त्याचे पाय मावत नव्हते. त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, अन्...”

“अन् काय?”

“अन् गेले म्हणे वापस.”

माझा हात पिठातच राहिला. “आई, टोपी काढली म्हणे, का टोपी काढली?”

“तेच ते.”

“तेच नाही. पाय मावत नव्हते हे कोणी सांगितलं तुला?”

आई पुढची बडी टाकायला गेली आणि ती आधीच्या बडीवरच पडली. “हळू बोल,” ती म्हणाली. “तुह्ये बाबा खाली आहेत.”

“तू तिथं होतीस.”

आईनं काही उत्तर द्यायच्या आत तारेकडून आवाज आला. आत्यानं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. ऑपरेटरचे कान, गच्चीच्या लांबीचं त्यांना काय. “सांगून टाक वहिनी तिले. अर्धं सांगतलं तर ते पोट्टी उरलेलं मनानंच भरीन.”

मग दोघींनी मिळून सांगितलं, एकीनं थोडं, दुसरीनं थोडं. आत्याला हे लग्न करायचं नव्हतं. आजोबांना सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. हळद लागलेली असताना तिनं नव्या वहिनीचा हात धरला आणि सांगितलं, तू जाऊन त्याला सांग. आई मागच्या दारानं शाळेत गेली. नवरदेवानं ऐकून घेतलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, तिचंच म्हणणं आहे ना? आई हो म्हणाली. मग त्यानं आपल्या वडिलांना जाऊन सांगितलं की मलाच हे लग्न नको. दुसऱ्या स्थळाची गोष्ट गावानं नंतर रचली.

“पण काहून आत्या? दुसरं कोणी होतं का?”

“तुह्या पुस्तकात असन,” आत्या म्हणाली. “मले नव्हतं करायचं. त्याले काय काहून?”

“मग ही साडी इतकी वर्षं काहून ठेवली?”

“चांगलं सूत हाये. आमच्या बाबानं पारखून घेतलं होतं. फेकू का?”

मी म्हटलं, हे बाबांना सांगा. आईचा चेहरा उतरला. नवी सून एकटी उठून वऱ्हाडाच्या जानोशावर जाते आणि नणंदेचं लग्न मोडून येते, हे त्या काळी कळलं असतं तर तिला परत माहेरी धाडलं असतं. म्हणूनच आत्यानं सगळ्या गावाची कीव अंगावर घेतली आणि तोंड उघडलं नाही. आजोबा गेले, गाव सुटलं, तरी बाबांची भीती तशीच होती. “तुह्ये बाबा मले काय म्हणतीन?” आई एवढंच म्हणाली. आत्यानं साडीची घडी घातली. मी उरलेल्या बड्या टाकल्या आणि माझ्याकडून मुकाट हिशेब मिटवला, उद्या होकार जाणार.

संध्याकाळी जेवायला तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची भाजी होती, लसूण घालून, भात आणि भाकरी. बाबांना ती फार आवडायची, म्हणून ते मवाळ होते. म्हणाले, “मंग, सकाळी सांगतो त्यायले हो म्हणून.” मी म्हटलं, बाबा, परीक्षा. ते म्हणाले, “परीक्षा दरसाल येते. आमच्या बाबानं तरी काय वाईट केलं होतं? पण तो नालायक निघाला, त्याले दुसरं स्थळ दिसलं म्हणे, अन् गेला टाकून. वेळ हातची गेली की काय होते, समोर बसली हाये, पाहून घे.”

आत्या घास चावत होती. तो तिनं नीट गिळला. “दादा, त्याले कोणतंच स्थळ दिसलं नव्हतं.”

“तुले काय माहीत?”

“मीच नाही म्हटलं होतं.”

बाबांना वाटलं ती मला वाचवायला काहीतरी बोलतेय. त्यांनी हसल्यासारखं केलं. “अस्सं? कोणाले म्हटलं होतं?”

आत्यानं पुढचा घास घेतला. ती त्यापुढे बोललीच नसती, हे मला पक्कं माहीत आहे. वरणाचं पातेलं हातात घेऊन आई बाबांच्या मागे उभी होती. तिथूनच म्हणाली, “मले. मी गेली होती जानोशावर.”

मला वाटलं आता ताट भिरकावलं जाणार. बाबा रागीट नव्हते, पण अपमान त्यांना सोसत नसे. त्यांनी वळून आईकडे पाहिलं आणि मी आयुष्यात विसरणार नाही असा प्रश्न विचारला. “कोणत्या रस्त्यानं गेली?”

“मागच्या. विहिरीपासून.”

“तिकडं तर चिखल होता.”

“होता. साडी भरली होती. पुऱ्यायचं तेल सांडलं म्हणून सांगतलं तुमच्या आईले.”

बाबांनी बराच वेळ भातात बोट फिरवलं. इंजिनीयर माणूस, जागेवर जाऊन तपासून आल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे, आणि त्या वेळी ते बहुधा विहिरीपासून शाळेपर्यंत जाऊन येत होते. मग त्यांनी विचारलं, तो काय म्हणाला. आईनं टोपीचं सांगितलं आणि त्यानं काय विचारलं तेही सांगितलं. “मंग म्हटला, ठीक आहे, मी माह्यावर घेतो.”

“मी त्याले आर्वीच्या भर बाजारात शिवी देली होती,” बाबा म्हणाले. “सायकल धरून उभा होता. काही बोलला नाही. मले वाटलं, तोंड नाही म्हणून बोलून नाही राहिला.”

ते उठले, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आईनं भाजी झाकून ठेवली. त्यानंतर घरात कोण कुणाशी काय बोललं ते मला सांगता येणार नाही, मी झोपले होते.

क्रम मोडून आधी परीक्षेचं सांगून टाकते. पेपरात पवनचक्की आलीच. मी कुंजीतली सगळी प्रतीकं लिहिली, कारण तपासणारे तिवारी सर असतील याचा भरवसा नव्हता, आणि मग शेवटच्या पानावर रफू केलेल्या मोज्याचं लिहिलं. गुण बेताचेच मिळाले. साहित्यात मी पुढे गेले नाही. आज मी खात्यांतर्गत चौकशीचं काम पाहते, माणसांचे जबाब वाचणं हाच माझा धंदा आहे. साक्षीदार पानभर लिहितो की मी हजर नव्हतो, मला नंतर कळलं, आणि मधेच एका ओळीत सांगून जातो की टेबलावरचा पंखा कुरकुरत होता. तिथे मी पेन्सिलीनं बारीक खूण करते आणि त्याला परत बोलावते. बाबांच्या नावापुढे अखेर रायपूरच आलं, सगळी घाई फुकट गेली. साडीचं म्हणाल तर पुढच्या हिवाळ्यात आत्यानं ती गच्चीवर पसरली आणि तिच्यावर सरळ बड्या टाकल्या. मी आ वासून पाहत राहिले. उत्तरपत्रिकेत लिहायचं असतं तर मी मुक्तीचं प्रतीक म्हणून दोन पानं लिहिली असती. आत्याला विचारलं तर म्हणाली, जुनी चादर फाटली.

सोमवारी सकाळी बाबा दाढी करून, शर्ट घालून फोनपाशी येऊन बसले. रात्रभरात त्यांचं काय ठरलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आई दारात उभी, हाताला कणीक. नागपूरचा नंबर आत्यानं फिरवला, आमच्या घरात लांबचा फोन तीच लावायची. पलीकडे घंटा वाजू लागल्यावर तिनं रिसीव्हर बाबांच्या हातात दिला आणि बाजूला झाली. बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुह्यं काय म्हणणं आहे?”

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझी उत्तरं तयार होती, लांबलचक, मुद्द्यांसकट. “आत्ता नाही,” मी म्हटलं. “परीक्षा देणार आहे.”

बाबांनी मान हलवली. पलीकडून कुणीतरी फोन उचलला. नमस्कार-चमत्कार झाले, नागपूरच्या थंडीचं झालं, राजधानीचं अभिनंदन झालं. मग बाबांनी घसा साफ केला.

“त्याचं असं आहे,” ते म्हणाले, “आमची पोरगी म्हणे अजून...” आणि थांबले. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, मग आत्याकडे. रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. “म्हणे नाही. माह्या समोरच उभी आहे ती. ती म्हणते, नाही.”